बाळंतिणीचा पांढरा भात

आमच्याकडे तांदूळ गिरणीतून दोनदा काढायचे. एकदा सगळं भाईंदर काढायचं, दुसऱ्यांदा फक्त माझ्या सासूबाई. गिरणवाला वैतागायचा. "अहो काकू, आता याचा काय साबुदाणा करू?" म्हणायचा. सासूबाई ढिम्म. मूठभर तांदूळ दाराशी उजेडात नेऊन बघायच्या. एखादा दाणा जरी तांबूस दिसला, तरी सगळं घमेलं परत त्याच्या पुढ्यात. "घाल," एवढंच म्हणायच्या. तो घालायचा. त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. मी रत्नागिरीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन भाईंदर पश्चिमेला आले होते. बाजाराच्या मागे दोन खोल्या, पुढे पडवी. हे मिठागरावर तोलाईला होते. घरात माणसं तीनच, हे, सासूबाई आणि मी. रेशनवर मिळायचा तो तांदूळ खड्यांनी भरलेला, वास मारणारा. त्यामुळे सासूबाई इथल्याच एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून भात घ्यायच्या आणि स्वतः उभं राहून भरडून आणायच्या. निघालेला कोंडा मागच्या गोठ्यात जायचा. गोठा एका भैयाजींचा होता. त्यांची म्हैस आमचा कोंडा खायची आणि आम्हाला त्याबदल्यात चहापुरतं दूध मिळायचं.

माहेरी आम्ही उकड्या तांदळाची पेज पिऊन वाढलो. भाताला लाल झाक असायची, शितं जाडी. इथे आल्यावर पहिल्या दिवशी ताटात जो भात पडला, तो बघून मी हरखूनच गेले. पांढराशुभ्र, मोकळा. मी आईला पत्र लिहिलं की इथे रोज लग्नातल्यासारखा भात असतो. आई बिचारी ते पत्र सगळ्या वाडीला वाचून दाखवत फिरली होती म्हणे.

सासूबाईंच्या या पांढऱ्या भाताच्या हट्टामागे कारण होतं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांच्यावर अन्याय होईल. त्या विसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात एकच मुलगा, म्हणजे आमचे हे. त्यांनी लोकांच्या घरी भात कांडून दिवस काढले. कांडून झालं की तांदूळ मालकाचा आणि कणी-कोंडा यांचा. त्या कोंड्याची भाकरी करून त्यांनी मुलाला वाढवलं. शेजारच्या बायका म्हणायच्या, "अगो, गुरांचं खाणं पोराला कसं घालतेस?" ते वाक्य त्यांच्या काळजात रुतून बसलं होतं. मला त्या पहिल्या आठवड्यातच म्हणाल्या होत्या, "सूनबाई, या घरात तुला कोंड्याचं तोंड बघावं लागणार नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही."

आणि खरंच, त्यांनी शब्द पाळला.

लग्नानंतर दोन वर्षांनी मला पहिली मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं होतं, बारसं थाटात झालं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. सासूबाईंनी माझं बाळंतपण एखाद्या राणीसारखं केलं. तोवर आमच्या अख्ख्या आळीत एवढं कुणाचं झालं नसेल. सकाळी शेक-शेगडी, तेल, दुपारी भात. तांदूळ जुना, दोनदा पॉलिश केलेला. तो त्या सात पाण्यांनी धुवायच्या, शेवटचं पाणी विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ दिसेपर्यंत. मग भरपूर पाण्यात शिजवून वरची पेज वेळून टाकायच्या. बाळंतिणीचं पोट हलकं राहिलं पाहिजे म्हणून. त्यावर तुपाची धार आणि मीठ. डाळ नाही, का तर ती वातूळ. भाजी थंड. मासळीचं तर नाव काढायचं नाही, बाळाला बाधेल. दूध कफ करतं, तेव्हा तेही चहापुरतंच. मधेमधे मी रडकुंडीला येऊन काहीतरी चमचमीत मागायचे, तेव्हा भाताच्या कडेला चिमूटभर मेतकूट यायचं.

माझ्या पायांना मुंग्या यायच्या. जिना नव्हता आमच्याकडे, पण पडवीची एक पायरी चढताना मांड्या भरून यायच्या. "बाळंतवात आहे, जाईल," असं सगळ्या म्हणाल्या. मीही म्हटलं, जाईल.

मुलगी अडीच महिन्यांची असताना दूध ओकायला लागली. मग चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. बायका म्हणाल्या, "बाळसं धरलंय गो!" आणि दृष्ट काढून गेल्या. मग तिचा आवाज बसला. आधी घोगरा, मग अगदीच बारीक. शेवटी शेवटी ती तोंड उघडायची, चेहरा लालबुंद व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं आणि आवाज मात्र नाही. अशा मुलाला घेऊन बसणं म्हणजे काय, ते मी कुणाला सांगू शकणार नाही. माझं दूध बाधतंय असं घरात ठरलं. मग मेतकूट बंद झालं. तूपही कमी केलं. उरला फक्त पांढरा भात आणि मीठ. मी तो मुकाट्याने खाल्ला, कारण माझी मुलगी त्याने बरी होणार होती.

नुसता भात सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी, आंघोळीचं पाणी तापत असताना, ती माझ्या मांडीवरच गेली. ह्यांनी तिला नेलं. सासूबाईंनी तीन दिवस अन्नाला हात लावला नाही. त्यानंतर घरात तिचा विषय कुणी काढला नाही. माझ्या मनात मात्र एकच घोकणं चालू होतं, पथ्यात आपण कमी पडलो. ते मेतकूट मागायला नको होतं. माझ्या जिभेने माझं लेकरू खाल्लं.

सत्तर साल उलटलं आणि मला पुन्हा दिवस गेले. आता तुम्हाला वाटेल, घरात आनंदीआनंद झाला असेल. छे! आम्ही दोघी घाबरून गेलो होतो. सासूबाईंनी देवासमोर हात जोडून सांगितलं, "यावेळी एक दाणा चुकू देणार नाही." पुन्हा मुलगी झाली. आणि खरंच त्यांनी एक दाणा चुकू दिला नाही. गिरणीतून तांदूळ आता तिसऱ्यांदा काढायला लागल्या. मेतकुटाची बरणीच त्यांनी शेजारी देऊन टाकली. मीही शहाण्यासारखी वागले. काही मागितलं नाही. चहात बुडवून दोन बटर आणि दोन वेळचा तो भात. पायांना मुंग्या आल्या, तरी बोलले नाही. बोललं की सासूबाईंचा चेहरा पांढराफटक व्हायचा.

मुलगी दोन महिन्यांची झाली आणि एका सकाळी ती ओकली. मी ते पुसून टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी तिचा आवाज घोगरा झाला. तेही मी कुणाला सांगितलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सांगितलं असतं, तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी वाटत असावं. मूर्खपणा, दुसरं काय!

जवळच्या तारोडी गावाहून एक ख्रिस्ती बाई आमच्या आळीत वाल-वांगी आणि सुकट घेऊन यायची. मी तिला मावशी म्हणायचे. तोंडाची फटकळ, पण पाटी उतरवली की आधी बाळ बघायची आणि मग तराजू काढायची. आवाज बसल्याला दोन दिवस झाले होते. सकाळी अकराच्या सुमारास ती पडवीत बसली होती. मुलगी माझ्या मांडीवर रडत होती. मावशी वांगी निवडता निवडता थांबली.

"बाय, पोर रडते ना तुजी?"

"हो. भूक लागली असेल."

"मंग आवाज कुटं हाय?"

मी बाळाला थोपटायला लागले. तिने वाकून बाळाच्या छातीला कान लावला आणि एकदम ओरडली, "अगो, आवाज न्हाय हिचा! बसलीस काय अशी? उठ! डाक्टरकडं चल!"

तिच्या ओरडण्याने सासूबाई आतून आल्या. त्यांनी एकदाच बाळाच्या उघड्या तोंडाकडे बघितलं आणि दाराची चौकट धरली. त्यांना कळलं. त्यांना कळायला क्षणही लागला नाही.

स्टेशनजवळ नुकताच एका तरुण डॉक्टरांनी दवाखाना घातला होता. आम्ही तिघी चालत निघालो. मावशीची पाटी आमच्या पडवीत तशीच उघडी पडली होती. माझे पाय उचलत नव्हते, म्हणून बाळ मावशीने घेतलं. रस्ताभर मी तिच्या पाठीकडे बघत चालले होते आणि मनात एवढंच, आज नाही, आज नाही, आज नाही.

डॉक्टर गुजराती होते. मराठी बोलायचे, पण अडलं की हिंदीत शिरायचे. त्यांनी बाळाला तपासलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, जरा उठा." मी टेबलाला धरून उठले. त्यांनी माझ्या पोटऱ्या दाबून बघितल्या आणि मी कळवळले. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "माँजी, सुनेला खायला काय काय देता?"

तो प्रश्न ऐकून सासूबाईंची मान ताठ झाली. या प्रश्नाला त्या भीत नव्हत्या.

"काही कमी नाही हो डॉक्टर. जुना तांदूळ. तीनदा पॉलिश केलेला. सात पाण्यांनी धुते. पेज काढून टाकते, जडपणा नको म्हणून."

"आणि डाळ?"

"नाही हो. डाळ नाही, भाजी नाही, मासळी नाही. सगळं पथ्य कडक. गेल्या वेळी जरा ढिलाई झाली होती, मेतकूट देत होते मधेमधे. यावेळी अजिबात नाही."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "गेल्या वेळी म्हणजे?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पहिली मुलगी. तिचाही असाच आवाज गेला होता. तीन महिन्यांची व्हायच्या आत गेली."

ते उठले. त्यांनी कपाटातून एक छोटी बाटली काढली, बाळाला सुई दिली आणि मग मलाही दिली. शिकत असताना त्यांनी असं एक मूल पाहिलं होतं, असं म्हणाले. "मला वाटतं तेच असेल, तर संध्याकाळपर्यंत फरक दिसेल. नाही दिसला, तर मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. मी चिठ्ठी देतो." मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. तांदळाच्या दाण्यावर जे तांबूस साल असतं, त्यात एक अगदी थोडंसं सत्त्व असतं. ते मोजायला गेलं तर चिमटीतही येणार नाही, पण त्याच्याशिवाय शरीराचं आणि हृदयाचं काम चालत नाही. पॉलिश केलं की ते कोंड्याबरोबर निघून जातं. जे उरतं ते धुण्याच्या पाण्यात आणि पेजेत जातं. डाळीतही ते असतं, भाजीत असतं, पण ते मी खातच नव्हते. आईच्या अंगात नाही, म्हणून दुधात नाही. बाळाचं पोट भरतं आणि तरी ते त्या एका गोष्टीवाचून उपाशी मरतं.

"कोंडा?" सासूबाईंनी विचारलं. "म्हशीला घालतो तो कोंडा?"

"हो माँजी. वही, तोच."

"मी माझ्या मुलाला तोच घालून वाढवला."

"म्हणून तर तो वाढला," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, घाईघाईने म्हणाले, "इसमें किसी का कसूर नहीं है, माँजी. तुम्ही तर चांगलंच देत होतात."

सासूबाईंनी मान हलवली. डोक्यावरचा पदर नीट केला. बाहेर पडताना त्यांना दवाखान्याची पायरी दिसली नाही, मावशीने सावरलं.

ती दुपार! बाळ मांडीवर घेऊन मी भिंतीला टेकून बसले. हे मिठागरावरून निरोप मिळताच आले, अंगावर तसंच मीठ वाळलेलं. सासूबाई पडवीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. बाळ तोंड उघडायचं आणि आम्ही श्वास रोखायचो. काही नाही. पुन्हा उघडायचं. काही नाही. चारच्या सुमाराला तिला झोप लागली आणि मला वाटलं, संपलं. मी तिच्या नाकाशी बोट धरून बसले.

दिवेलागणीच्या आधी तिने डोळे उघडले, तोंड उघडलं आणि रडली. घोगरं, फाटकं, पण रडली. ऐकू आलं! ह्यांना ऐकू आलं, पडवीत सासूबाईंना ऐकू आलं. मग ती चिडून आणखी मोठ्याने रडली. अगो बाई, कसला आवाज तो! एवढं सुंदर मी जन्मात काही ऐकलं नाही. मी हसत होते, रडत होते, तिला पाजायचंही सुचत नव्हतं. शेवटी हेच म्हणाले, "अगं, घे तिला, घसा सुकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई गोठ्यात गेल्या आणि भैयाजींकडून घमेलंभर कोंडा मागून आणला. ताजा, कालच गिरणीतून आलेला. तो त्यांनी चाळला, तव्यावर मंद भाजला, नाचणीच्या पिठात मिसळून भाकरी थापली आणि माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाल्या, "आजपासून चूल तू बघ." मी म्हटलं, "आई, अहो मी अजून ओली बाळंतीण." "मग नवऱ्याला सांग, शेजारणीला सांग. मी नाही."

त्यानंतर त्यांनी मला कधी भात वाढला नाही. घरातलं सगळं काम केलं, धुणी धुतली, पाणी भरलं, मुलीला अंगाखांद्यावर वाढवलं. पण भाताच्या पातेल्याला हात लावला नाही. गिरणीत मी जायला लागले आणि तांदूळ एकदाच, तोही हलक्या हाताने काढून आणायला लागले. पेज आता आम्ही तिघं प्यायचो.

हल्ली केबिन रोडच्या दुकानांत कोंडा पाकिटात मिळतो. नातवंडं त्याचे गुण वाचून दाखवतात, साखरेला बरा, पोटाला बरा, हृदयाला बरा. असेल बाबा. मी त्यातली जाणकार नाही. सगळ्या दुखण्यांवर एकच औषध सांगणाऱ्यांचा मला तर रागच येतो. मला एका सत्त्वाचं ठाऊक आहे आणि ते पुस्तकातून कळलेलं नाही.

आता जे लिहायचं आहे ते माझं आहे आणि ते काही भूषणावह नाही. सासूबाई स्वतःला शिक्षा करत होत्या, ते मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. माझ्या एका शब्दाने ती थांबली असती. "आई, जाऊ द्या, वाढा भात," एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. पाच वर्षं म्हटलं नाही. त्यांच्यावर माझा राग होता, आणि तो राग मला हवा होता. तो असला की मला माझ्याकडे बघावं लागत नव्हतं. तो भात मी काय जबरदस्तीने खाल्ला होता? मिरवत खाल्ला होता. आवाज बसलेला दिसत असताना दोन दिवस गप्प कोण बसलं होतं?

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी सासूबाईंना दमा जडला. एकदा दुपारी मी त्यांच्या पाठीला तेल चोळत होते. मुलगी पडवीत तारस्वरात पाढे म्हणत होती. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पहिलीला मी मारलं ना गो?"

ह्यांना त्यांनी हे कितीदा विचारलं असेल आणि ह्यांनी कितीदा "नाही" म्हटलं असेल, ते मला माहीत होतं. मी "नाही" म्हणू शकले नाही. माझे हात त्यांच्या पाठीवर तसेच थांबले.

"हो," मी म्हटलं. "आपण दोघींनी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झालं, आता या जन्मात त्या माझ्याशी बोलणार नाहीत. पण त्यांनी मागे हात नेऊन माझं मनगट धरलं, घट्ट. त्या रडल्या, मग मीही रडले. इतक्या वर्षांत त्या मुलीसाठी आम्ही एकत्र रडलो नव्हतो.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तिचे डोळे कसे होते गो? मला आठवत नाहीत."

मी आठवून बघितलं. मलाही आठवेनात.